‘हान्की’ उजवीकडे कलते

हिएतासारी, ४ फेब्रुवारी २००८

आर्मासकाका,

नमस्कार. मी मार्युत, तुमच्या भावाची, तौनोची मुलगी. आपली शेवटची भेट मला आठवत नाही, कारण तेव्हा मी चार वर्षांची होते. बाबा गेले तेव्हा तुम्ही पाठवलेलं फुलांचं चक्र मिळालं होतं. आभार मानायचे राहिले. पाच वर्षं झाली, आता मानते.

फोनच करणार होते. पण आई म्हणाली, “फोन केलास तर तो उचलून परत ठेवेल. पत्र निदान शेवटपर्यंत वाचेल.” म्हणून पत्र.

हान्की, तुमची जुनी बर्फफोडी बोट, कलते आहे. उजवीकडे, चार अंश. ती आता संग्रहालय आहे, मी अकरा वर्षं तिची राखण करते. म्हणजे पगार मला मिळतो आणि काम शनिवारी येणारे म्हातारे करतात. कॉफी आणि वाटाण्याच्या सूपवर गंज खरवडणारी माणसं आहेत, त्यामुळे त्यांच्यावर रागावताही येत नाही. सध्या ते जेवायला बसतात तेव्हा सूप ताटलीच्या एका बाजूला जमा होतं.

तुम्हाला मी काय शिकवणार, पण मला जेवढं कळलंय तेवढं मांडते, चुकलं तर सुधारा. बोटीच्या दोन्ही कुशींत एकेक मोठी टाकी. दोन्हींना जोडणारा आडवा नळ बॉयलरखोलीच्या जमिनीखालून जातो. बोट बर्फात रुतली की पंपाने पाणी या कुशीतून त्या कुशीत ढकलायचं, बोट डोलायची आणि डोलता डोलता सुटायची. आता उजव्या टाकीत कुठूनतरी समुद्र झिरपतोय. पाणबुड्या दोनदा उतरला, त्याला बाहेरून काही दिसत नाही. डाव्या टाकीचा उपसा चालतो, उजवीचा चालत नाही. तिचं झाकण गंजून एकजीव झालंय. ते कापायला विमावाले परवानगी देत नाहीत, कारण शेजारच्या भिंतीत गारठा अडवायला जुनं बूच ठासून भरलंय, एक ठिणगी पडली तर सगळं पेटेल. उपाय उरतो एकच. आडव्या नळातून पाणी डावीकडे घ्यायचं आणि तिथून बाहेर फेकायचं. नकाशात नळ आहे, व्हॉल्व्ह आहे. व्हॉल्व्ह आम्ही पूर्ण उघडला. पाणी हलत नाही.

३ जूनला नगरसभेत मतदान आहे. तोवर बोट सरळ झाली नाही तर तिला ओढून भंगारात नेतील. सहा अंशांवर गेली तर मतदानाचीही वाट पाहणार नाहीत.

त्या नळाला हात लावलेल्या माणसांपैकी आता तुम्ही एकटे उरलात. पाणी का हलत नाही?

मार्युत


उमेओ, १५ फेब्रुवारी

मार्युत,

पत्र मिळालं. तुझी आई, हेल्वी, अजून आहे हे ऐकून बरं वाटलं.

मी सेकंड इंजिनिअर होतो. नळांचं सगळं तौनो बघायचा. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, माणूस विसरतो. त्यानंतर मी सव्वीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढली, तिथेही नळ होते, ते चांगले आठवतात.

व्हॉल्व्ह नीट उघडला का ते पाहा. जुने व्हॉल्व्ह उघडल्यासारखे वाटतात आणि आत तसेच बसलेले असतात. नळात गाळही असेल. गरम पाणी सोडून बघा.

इकडे बर्फ अजून चांगला जाड आहे. परवा त्याला भोक पाडून गळ टाकला, पर्च मासे मिळाले, लहान होते. गुडघा त्रास देतो.

माझ्या बायकोने, ब्रिताने, विचारलं, पत्र कुणाचं. मी म्हटलं, बंदराकडून आलंय.

आर्मास


हिएतासारी, २४ फेब्रुवारी

आर्मासकाका,

व्हॉल्व्ह बावीस फेरे फिरतो. पेंत्तीने तो अख्खा सोडवून बाहेर काढला, साफ केला, परत बसवला. पेंत्ती म्हणजे आमचा वेल्डर, निवृत्त, बहात्तर वर्षांचा, सगळ्यांना ‘पोरा’ म्हणतो, मलाही. व्हॉल्व्ह उत्तम आहे. गरम पाणीही सोडलं. ते जसं गेलं तसं परत आमच्या बुटांवर आलं. नळात काहीतरी घट्ट अडसर आहे. पेंत्तीच्या मते तो गाळ नाही, गाळ इतका हट्टी नसतो. “गाळ नाही पोरा, हा कुणाचा तरी स्वभाव आहे,” असं तो म्हणाला.

नळ जमिनीखालून अकरा मीटर जातो. वर लोखंडी तख्ते, तख्त्यांवर बॉयलरच्या विटा आणि आमच्याच माणसांनी वीस वर्षांपूर्वी बसवलेली प्रदर्शनाची कपाटं. सगळं उचकटायचं तर तीन महिने पाहिजेत आणि दहा माणसं, ज्यांचे गुडघे शाबूत आहेत अशी. माझ्याकडे सहा माणसं आहेत आणि सगळ्यांचे मिळून चार गुडघे. त्यामुळे नेमकं कुठे उघडायचं ते कळायला हवं.

तुम्ही लिहिता की विसरलात. मग हे तरी सांगा, १८ फेब्रुवारी १९६६ला नेमकं काय झालं? मला गावाची गोष्ट माहीत आहे. बोट रुतली, कप्तानाने डोलवायला सांगितलं, बाबांनी पंप चालू केला आणि लक्ष दिलं नाही, पंप तापून तडकला. मागे येणारं मालवाहू जहाज बर्फात चिरडलं, माणसं चालत हान्कीवर आली, त्यातल्या एकाच्या पायाची बोटं गेली. मार्चमध्ये चौकशी झाली. बाबा उठून म्हणाले, “मी नळ तपासला नाही,” आणि खाली बसले. त्यानंतर ते परत बोटीवर गेले नाहीत. बंदराच्या गोदामात दोरखंड आणि रंगाचे डबे मोजत राहिले.

इथे अजून कुणाचं भांडं करपलं की लोक म्हणतात, “तौनो केलास वाटतं.” शाळेत स्वयंपाकाच्या तासाला माझी खीर लागली होती, तेव्हा बाईंच्या तोंडूनही निघून गेलं. मग त्यांना आठवलं मी कुणाची आहे ते. त्या दिवशी मला पूर्ण गुण मिळाले.

मला कुणाला दोष द्यायचा नाही. मला फक्त नळाबद्दल हवंय. आज साडेचार अंश.

मार्युत


उमेओ, २० मार्च

मार्युत,

उशीर झाला. तब्येत बरी नव्हती.

तुझं पत्र पोलिसांसारखं आहे. मी म्हातारा आहे, मला तारखा विचारू नकोस. चौकशी झाली, कागद झाले, विषय संपला. तौनोने जे सांगायचं ते सांगितलं. मला कुणी काही विचारलं नाही.

बोट म्हणजे लोखंड. कधीतरी जातंच. मी ज्या ज्या बोटींवर काम केलं त्या सगळ्या गेल्या, कुणाला आठवतही नाहीत, आणि जग चालू आहे. तू अजून तरुण आहेस. गावात दुसरी नोकरी मिळेल. वाचनालयात वगैरे. तिथे जमीन सरळ असते.

हेल्वीला नमस्कार सांग.

आर्मास


हिएतासारी, २ एप्रिल

आर्मासकाका,

पाच अंश. धक्क्यावरून बोटीवर चढायचा जिना आता शाळेच्या मुलांसाठी बंद केला आहे.

तुमच्या पत्राला मी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही चुलीत घातली. हे चौथं. यात सौजन्य कमी असेल.

कुणी विचारलं नाही म्हणे. मी विचारते आहे ना, दोन महिने? आपल्याकडे हा रोगच आहे. माणूस समोर बुडत असला तरी आपण काठावर उभे राहून वाट बघतो, तो हाक मारेल का. आणि तो वाट बघतो, कुणी विचारेल का.

तुमचं आणि बाबांचं काय बिनसलं मला माहीत नाही. घरात तुमचं नाव निघालं की बाबा उठून लाकडं आणायला जायचे, पेटी भरलेली असली तरी. मी त्याचा अर्थ लावला आहे. त्यांच्या चुकीने तुमच्याही नावाला काळं लागलं, म्हणून तुम्ही देश सोडलात आणि त्यांना माफ केलं नाहीत. चार तासांची फेरीबोट आहे, काका. तुम्ही त्यांच्या मातीला आला नाहीत. ठीक. पण त्यांच्यावरचा राग तुम्ही बोटीवर काढताय, हे मला पटत नाही.

पंपाशेजारी एक फलक आहे. संग्रहालय सुरू झालं तेव्हाचा, माझ्या आधीचा. ‘हा पंप १८ फेब्रुवारी १९६६ रोजी चीफ इंजिनिअर तौनो निस्काला यांच्या दुर्लक्षामुळे निकामी झाला.’ दर शनिवारी मी त्याच्यावरची धूळ पुसते. लोक विचारतात, काढून का टाकत नाहीस, तुझ्याच तर हातात आहे. मी सांगते, चौकशीत जे आहे ते आहे, संग्रहालयात सोयीचं तेवढंच ठेवता येत नाही. हे सांगताना मी फार ताठ उभी असते. घरी आल्यावर मात्र तो फडका मी इतर फडक्यांत धूत नाही, वेगळा धुते. का ते मला सांगता येणार नाही.

बाबा एकदाच आले होते, नव्याण्णव साली. फलक वाचला. “अक्षर मोठं आहे, चष्म्याशिवाय वाचता आलं,” म्हणाले आणि कॉफी मागितली.

यापुढे मी लिहिणार नाही. तुम्हाला त्रास दिला.

मार्युत


उमेओ, २९ एप्रिल

मार्युत,

हे पत्र लिहायला मला नऊ दिवस लागले. मधे थांबवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

१९ एप्रिलला मी तिकडे आलो होतो. तुला कळवलं नाही. फेरीबोटीने आलो, पुढे बसने. शनिवारी कॉफीसाठी बोट उघडी असते असं दारावर लिहिलं होतं. मी पेन्शनरचं तिकीट घेतलं. तू नव्हतीस. काउंटरवरची बाई म्हणाली, मार्युत वृद्धाश्रमात आईला भेटायला गेलीय, दोनला येईल. मला ते बरंच वाटलं.

मी खाली बॉयलरखोलीत गेलो. विचार होता की सरळ तख्ता उचलायचा, तुमच्या माणसांना दाखवायचं आणि दोनच्या आत निघून जायचं. पण तिथे तुम्ही लाल दोरी बांधली आहे. मी ती ओलांडली तर एका दाढीवाल्याने हटकलं. “आजोबा, पाहुण्यांना इथपर्यंतच.” मी म्हटलं, मला जरा पलीकडे बघायचंय. तो म्हणाला, “पलीकडे बघण्यासारखं काही नाही, पोरा, सगळं घाण आहे. पडलात तर विमा माझ्या बोकांडी बसवतील.” मी म्हणू शकलो असतो की मी इथे आठ हिवाळे काढलेत. तोंड उघडलंही. पण मग नाव सांगावं लागलं असतं. मी ‘बरं’ म्हणालो आणि मागे वळलो, तर समोर तो फलक.

मी तो वाचला. तू लिहिलं होतंस तेव्हाही वाचला होता. पण भिंतीवर वाचणं वेगळं असतं.

आता नळाचं. बॉयलरकडे तोंड करून उभी राहा. उजव्या भिंतीपासून तिसरा तख्ता. त्याखाली नळाचा जोड आहे, दोन फ्लँज, म्हणजे बोल्ट लावायच्या कडा, समोरासमोर. त्यांच्यामध्ये पोलादाची पट्टी आहे, ताटाएवढी, बोटभर जाड. तिने नळ पूर्ण बंद केलाय. ती मी घातली. १७ फेब्रुवारी १९६६. चार बोल्टांवर. जागा आठ बोल्टांची आहे, पण माझ्या हाताशी चारच होते.

जोड फुटला होता आणि टाकीचं पाणी बॉयलरखालीच येत होतं. माझी पाळी होती. पट्टी घातली नसती तर आग विझली असती. त्या कामात माझी चूक नाही, ते काम मी चांगलं केलं. चूक त्याआधीची आणि त्यानंतरची.

ऑक्टोबरमध्ये सगळे नळ सरपटत जाऊन हाताने तपासायचे होते. तिथे माणूस पोटावर झोपून जेमतेम शिरतो. मी शिरलो नाही. वहीत सही केली. माझं लग्न व्हायचं होतं, मला संध्याकाळची बस पकडायची होती. शिरलो असतो तर जोड पातळ झालेला हाताला लागला असता.

पाळी बदलताना तौनो आला. त्याला पट्टीबद्दल सांगायचं म्हणजे जोड का फुटला ते सांगावं लागणार. तो म्हणाला, “सगळं ठीक?” मी म्हणालो, “ठीक.” ठरवलं, झोपून उठल्यावर सांगू. दुसऱ्या दिवशी मी खाटेवर पडलो होतो, तेव्हा पंप सुरू झाल्याचा आवाज आला. तो आवाज मला लगेच कळला. बंद नळावर चालणारा पंप वेगळा ओरडतो. धावत खाली जायला एक मिनिट लागलं असतं. मी पडून राहिलो. मला वाटलं तो आता थांबवेल, आता थांबवेल. त्याचा विश्वास होता की नळ मोकळा आहे, आणि तो विश्वास मीच दिला होता.

चौकशीत मी वाट बघत बसलो की माझ्याकडे वळतील. वळले नाहीत. मेमध्ये मी इकडे आलो.

माझा तौनोवर कधीच राग नव्हता. तू उलटं वाचलंस, त्यात तुझा दोष नाही. मीच तसं लिहिलं.

आर्मास


हिएतासारी, १२ मे

आर्मासकाका,

हान्की सरळ उभी आहे. पाऊण अंश उरलाय. पेंत्ती म्हणतो तेवढा त्याच्यातही आहे.

शनिवारी तिसरा तख्ता काढला. पेंत्तीच पोटावर झोपून आत शिरला, दुसऱ्या कुणाला शिरू देईना. नळ कुणी बंद केला, ते मी त्यांना सांगितलं नाही. “काकांचं पत्र आलं,” एवढंच म्हणाले. पट्टी निघाली आणि पाणी नळातून धावायला लागलं, तेव्हा सगळे म्हातारे टोप्या काढून नुसते ऐकत उभे राहिले. डाव्या टाकीतून संध्याकाळपर्यंत उपसा केला. उजवी टाकी रिकामी झाल्यावर नळातून छोटा कॅमेरा सरकवला, तेव्हा झिरपही आतून सापडला, नखाएवढा. इतक्यासाठी हे सगळं.

आता दुसरी गोष्ट.

तुम्ही चार बोल्ट लिहिले होते. तिथे आठ होते. पेंत्तीने ते ओळीने मांडले. चार एका कारखान्याचे, चार दुसऱ्याचे. पट्टीच्या दोन्ही बाजूंना नीट कापलेला नवा पॅकिंगचा थर होता, घाईत बसवलेला नाही. आणि तारेने बांधलेला पितळेचा बिल्ला, ठसे ठोकून लिहिलेला: ‘बंद. उघडू नये. तौ. नि. २७.२.६६.’

चौकशी मार्चमध्ये झाली.

म्हणजे बाबा नऊ दिवसांनी तिथे सरपटत गेले, पट्टी पाहिली आणि ती कुणी घातली असणार हे त्यांना कळलं. त्या पाळीला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी तुमचं काम पक्कं केलं, आणि मग चौकशीत उभे राहून म्हणाले, मी नळ तपासला नाही.

मी रविवारभर बोटीवर बसून होते आणि मला रडू यावं असं वाटत होतं, पण येत होता तो राग. तुमचा येतो, तो सोपा आहे. बाबांचा येतो, तो कुठे ठेवू कळत नाही. सदतीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून पावाला लोणी लावत होता. मी शाळेतून रडत आले तेव्हा म्हणाला, “लोक बोलतात, मग थकतात.” लोक थकले नाहीत. बाबांना तुम्हाला वाचवायचं होतं, वाचवलं. पण माझ्याजवळ एक वाक्य बोलले असते तर काय बिघडलं असतं? मी लहान होते, मान्य. चाळिशीची झाले तेव्हाही लहानच होते का? मी त्या फलकावरची धूळ पुसत होते, आणि ते माझ्याकडे कॉफी मागत होते.

आणि तुम्ही दोघं. एकाला वाटलं दुसऱ्याला माहीत नाही, दुसऱ्याला वाटलं पहिला आपणहून सांगेल. दोन सख्खे भाऊ, मध्ये चार तासांचं पाणी, आणि एवढ्या वर्षांत एक वाक्य पोहोचलं नाही.

३ जूनला नगरसभेला अहवाल द्यायचा आहे. नळ का बंद होता आणि कुणी केला, हे त्यात यावं लागेल. फलकही आता तसा ठेवता येत नाही. पण तुमचं नाव मी लिहिणार नाही. बाबांनी जे आयुष्यभर लपवलं ते त्यांच्या मुलीने उघडं करावं, हे मला जमत नाही. आणि खोटं आता एक दिवसही सहन होत नाही. हे तुम्ही लिहायचं आहे.

मार्युत


उमेओ, २१ मे

मार्युत,

बिल्ल्याबद्दल मी ब्रिताला सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं. बेचाळीस वर्षांच्या लग्नात पहिल्यांदाच. ती म्हणाली, “म्हणून तो त्या वेळी आला होता.”

तुला हे माहीत नसेल. १९७१च्या ऑगस्टमध्ये तौनो इथे आला होता. न कळवता. दारात उभा, हातात भाजलेल्या माशाचं पुडकं. दोन तास स्वयंपाकघरात बसला. जाळी विणण्याबद्दल बोलला, नव्या बर्फफोड्या बोटी डिझेलवर चालतात त्याबद्दल बोलला. मी सारखा वाट बघत होतो की आता तो विचारेल, पट्टीचं, आवाजाचं. ठरवलं होतं, विचारलं तर सगळं सांगायचं. त्याने विचारलं नाही. मी सुटलो असं मला वाटलं, खरंच सांगतो, हायसं वाटलं. संध्याकाळच्या बोटीने तो परत गेला.

आज कळतंय की त्याला विचारायचं काहीच नव्हतं. तो मला बोलण्यासाठी जागा करून देत होता. दोन तास. आणि मी त्याला परत परत कॉफी ओतत राहिलो.

सोबत कागद आहे. अहवालाला जोड आणि त्यातल्या पहिल्या चार ओळी फलकावर घाल. माझं पूर्ण नाव घाल. ‘एका कर्मचाऱ्याने’ असं काही घालू नकोस. त्यामुळे बोट राहील की जाईल ते मला माहीत नाही. गेली तरी हा कागद गावातच ठेव.

त्या चार ओळी अशा: ‘ऑक्टोबर १९६५ची तपासणी मी, सेकंड इंजिनिअर आर्मास निस्काला, याने केली नाही आणि केल्याची सही केली. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी नळ मी बंद केला. हे मी चीफ इंजिनिअरला सांगितलं नाही. पंप माझ्यामुळे तडकला.’

३१ला येतो. दाढीवाल्याशी मला स्वतः बोलायचंय. वाटेत हिंमत गेली तर मी उतरणार नाही, म्हणून धक्क्यावर उभी राहू नकोस.

आर्मास


हिएतासारी, ४ जून

आर्मासकाका,

काल मतदान झालं. हान्की राहिली. चौदा विरुद्ध तेरा, आणि तेही अर्धा तास वाद झाल्यावर की बोट सरळच असेल तर विषय पत्रिकेवर आलाच कसा. तुमचा कागद वाचला गेला. एकाने खिडकी उघडली, दुसऱ्याने बंद केली. मग मतदान झालं. दोन वर्षांनी पुन्हा हेच होणार आहे, असं अध्यक्षांनी जाता जाता सांगितलं, म्हणजे मला आनंद व्हायला नको.

शनिवारचं मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्ही कोट न काढता त्या सहा जणांसमोर उभे राहून सगळं सांगितलंत, जमिनीकडे बघत. पेंत्तीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “त्या दिवशी तेवढं नाव सांगितलं असतं, तर मला तीन आठवडे कमी सरपटावं लागलं असतं.” मग तुम्हाला खरवडणी दिली. तुम्ही चारपर्यंत गंज खरवडत बसलात. पेंत्ती विचारतोय, पुन्हा येणार का, कारण तुम्ही कोपरे नीट काढता. जुना फलक उतरवला तेव्हा खालची भिंत वेगळ्याच रंगाची निघाली. नवा छापून यायचाय, तोवर तुमच्या अक्षरातलाच कागद चिकटवलाय.

पण तुम्ही साडेचारची बस पकडलीत आणि आईला न भेटता गेलात. वृद्धाश्रम बसथांब्यासमोर आहे. मला इतका संताप आला की मी एकटीच गेले.

तिला मी तुमचा कागद वाचून दाखवला. बिल्ल्याचं सांगितलं, आठ बोल्टांचं सांगितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, मला वाटलं ऐकत नाही. मग म्हणाली, “चार.” मी म्हटलं, आई, आठ होते. ती म्हणाली, “चार मी दिले. रविवार होता. तौनोने मला दुकान उघडायला लावलं.” तुम्हाला आठवत असेल, ती तेव्हा बंदराजवळच्या लोखंडी सामानाच्या दुकानात होती. “म्हणाला, आर्मासने घाईत अर्धेच लावलेत. परत आला तेव्हा कोपरापर्यंत काळा होता. मी पाणी तापवलं.”

म्हणजे तिलाही माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. आणि फेब्रुवारीत मला पत्र लिहायला सांगणारीही तीच.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तू नळाबद्दल विचारत होतीस.”

काका, ती ऐंशीची होईल आणि तिच्याजवळ अजून काय काय आहे ते मला माहीत नाही. मी विचारणार आहे, एकेक करून, सगळं. पण एकटीला धीर होत नाही, आणि निम्मे प्रश्न तुमचे आहेत. १४ तारखेच्या शनिवारी या. मी बसथांब्यावर उभी राहीन, तुम्ही नको म्हणालात तरी.

मार्युत